आरशाच्या मोटरीतली टिकटिक

मागे काय आहे हे कळल्याशिवाय माणसाला पुढे जाता येत नाही. वाक्य माझं नाही. पिरंगुटच्या आमच्या कारखान्यात ते भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं आहे. आम्ही गाड्यांच्या बाहेरच्या आरशांच्या मोटरी बनवतो. बटण दाबलं की आरसा वर-खाली होतो, तो हलवणारी अंगठ्याएवढी मोटर आणि तिच्यापुढची प्लॅस्टिकची दातेरी चाकं. बहुतेक लोक ते बटण गाडी घेतल्या दिवशी दाबतात आणि विसरून जातात.

मी गुणवत्ता विभागात आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामावर सह्या करतो. खरी तपासणी ताम्हिणीच्या बाजूच्या एका गावातून येणारी बाई करते. बंद खोलीत बसून ती प्रत्येक मोटर सेलला जोडते आणि कानाशी धरते. आवाज मोजणारं यंत्रही आहे, ते पाहुण्यांना दाखवायला. कित्येक वर्षं ती कंत्राटावर होती. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तिच्या कायम होण्याच्या कागदावर मालकांची सही व्हायची होती.

खंडेनवमीला मालकांनी यंत्रांची पूजा केली. भाषणात भिंतीवरचं वाक्य दोनदा आलं. मग हौसेने त्यांनी झाकणं बसवायच्या राहिलेल्या मोटरींच्या एका ट्रेवरही कुंकू आणि अक्षता वाहिल्या. आम्ही हात जोडून उभे होतो. सुट्टीनंतर कोणीतरी हवा मारून कुंकू उडवलं, झाकणं बसवली आणि ट्रे पुढे पाठवला.

दुपारी ती तो ट्रे घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"सर, टिक करत्यात."

"किती?"

"निम्म्या. ट्रे कुणी पुजलाय ते तुमाला ठाव हाय."

मी एक मोटर उघडली. ग्रीसमध्ये, चाकाच्या दोन दातांत, लाल तांदळाची कणी अडकली होती.

"ताई, तुमची सही व्हायचीय अजून."

"व्हय. म्हणून तर तुमच्याकडं आले. न्हाईतर सरळ नापासाच्या लाल डब्यात टाकल्या असत्या."

"मग पास करायच्या?"

"तुमाला करायच्या तर करा. मी न्हाई करणार. मग मला हितं कान लावून कशाला बसवलंय?"

नापास मालाच्या अहवालात कारणाचा रकाना असतो. मी 'बाह्य पदार्थ' लिहिलं आणि खोडलं. उठून पाणी प्यायलो; तहान नव्हती. खिडकीपर्यंत जाऊन आलो. 'तांदूळ' लिहिलं, तेही खोडलं. मोटरीच्या कारखान्यात तांदूळ कुठून आला, हे कोणीतरी विचारणारच. ती उभीच होती.

"अक्षता लिवा की सर. देवाचंच हाय, त्यात लाजायचं काय?"

लिहिलं. तासाभरात मालकांनी दोघांना बोलावलं. त्यांनी मोटर सेलला जोडून कानाशी धरली.

"मला तर काही ऐकू येत नाही."

"पंखा चालू हाय, साहेब," ती म्हणाली.

पंखा बंद झाला. मी माझे बूट बघत होतो. टिक. टिक. मालकांनी मोटर खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. "हे कोणी..." म्हणाले आणि थांबले. "ठीक आहे, जा."

पुढचे दोन दिवस काहीच कळलं नाही. ती मुकाट्याने मोटरी कानाला लावत होती. मला पेनाचीही टिकटिक सहन होत नव्हती. घरी जाताना भूगावच्या कोंडीत मी माझ्या गाडीचा आरसा वर-खाली, वर-खाली करत बसायचो. मागचा गाडीवाला काय समजला असेल कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी सही झाली. कागद पिशवीत ठेवत ती एवढंच म्हणाली, "आता तरी नीट झोपा, सर."

पुढच्या खंडेनवमीला ट्रेवर आधी झाकणं ठेवली, मग भाषण झालं. अक्षता झाकणांवर पडल्या. ती आता कायम आहे, आणि त्या झाडून काढायचं काम तिच्याकडे आहे.