माझ्या प्रकल्पासाठी आई पुण्याला आली

आंदर मावळातलं घर सोडलं त्या दिवशी एसटीच्या थांब्यापर्यंत पाच किलोमीटर चालायचं होतं. वडिलांच्या खांद्यावर तांदळाचं पोतं, आईच्या डोक्यावर माझी पेटी, माझ्या हातात फक्त प्रवेशाचे कागद. परदेशी भाषा आणि जगातल्या संस्कृती हा विषय वडिलांना पटला नव्हता. थांब्यावर म्हणाले, "एक साल बघू. न्हाई जमलं तर लोणावळ्याच्या हाटेलात चिकटायचं."

स्पॅनिश बरी जमली. अडकलो ते दुसऱ्या विषयात. भाषेचा अभ्यास कसा करतात हे कळावं म्हणून आमच्या बाईंनी प्रत्येकाला एक माणूस वर्गात आणायला सांगितला. त्याच्या रोजच्या कामाचे दोनशे शब्द त्याच्याच तोंडून टिपायचे. याला चाळीस गुण. लेखी परीक्षेत मला साठपैकी एकोणीस होते. पास व्हायला एकूण चाळीस हवेत, म्हणजे इथे किमान एकवीस. नाहीतर लोणावळा.

वर्गात आम्ही बावीस जण. शहरी मुलांसारखं बोलायला मी सहा महिन्यांत शिकलो होतो आणि गावचं बोलणं लपवत होतो. म्हणून त्या चाळीस गुणांसाठी आई पुण्याला आली तेव्हा तिला मी तीन दिवस घोटवलं. 'आमी' नको, 'आम्ही' म्हण. 'न्हाई' नको, 'नाही' म्हण. ती चुकायची, पुन्हा म्हणायची, कंटाळली नाही.

वर्गात बाईंनी विचारलं, "मावशी, भात कसा लावता?"

"आम्ही प्रथम रोपे तयार करतो. त्यानंतर आम्ही ती लावतो. धन्यवाद."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. बाईंनी आणखी बारा प्रश्न विचारले. उत्तरं तशीच आली. शेवटी त्या म्हणाल्या, "घरी असंच बोलता का, मावशी?"

आईला खोटं बोलता येत नाही. "न्हाई वो बाई. पन पोरानं बजावलंय, घरच्यावानी बोलले तर त्याचं मार्क जातील."

"उलट आहे, मावशी. घरच्यासारखं बोलला नाहीत तर जातील."

आई माझ्याकडे वळली. "मंग तीन दिस माझी जीभ कशापाई वळवलीस रं?"

सगळा वर्ग हसला. मान खाली घालून मीही हसलो. मग आई पावणेदोन तास बोलत होती. रोपासाठी जमीन भाजायची कशी, खाचरात चिखल किती करायचा, सगळं. रोपापासून कापणीपर्यंत भाताच्या वयाचीच तिने अकरा नावं सांगितली. मुलं मान वर न करता लिहीत होती. शब्द भरले दोनशे चौतीस.

बाईंनी एकतीस गुण दिले. नऊ कापले, पढवल्याबद्दल. ते मला आजही रास्त वाटतात.

स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला येऊन मला सतरा वर्षं झाली. इस्पितळात दुभाषा आहे. आपल्याकडून आलेला रोगी डॉक्टरांपुढे जपून, पुस्तकी बोलू लागला, की मी त्याला घरच्यासारखं बोलू देतो. दुखणं तेव्हाच नीट कळतं. माझा सारा संसार त्या पावणेदोन तासांवर उभा आहे, असं मी हिशेबाने सांगू शकतो.

वडील आता नाहीत. गेल्या वर्षी आई तीन महिने इथे राहून गेली. विमानतळावरून येताना तिने हळूच विचारलं, "हितं लोकांम्होरं कसं बोलायचं, त्ये आत्ताच सांगून ठेव."

एकोणतीस वर्षं तिने ते मनात ठेवलं होतं. मी गाडी कडेला घेतली आणि माफी मागितली.

"माफी कशाची? तू शिकलास म्हनून इमानात बसाया मिळालं," ती म्हणाली. "पन त्या बाई लय गुनाच्या. सोता पानी आनून दिलं."

गावी राहिलेले विचारतात, आता तुझं घर कुठलं? पत्ता मी इथलाच देतो. पण या चौथ्या मजल्यावर मला खरं घरासारखं वाटलं ते त्या तीन महिन्यांत. खिडक्या सताड उघड्या असायच्या, आणि साऱ्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आई हाक मारायची, "आरं, जेवाया बस, कालवण गार व्हतंय."