बाबांचं राखीव क्रियापद

आमच्या घरात 'पालटणे' हे क्रियापद बाबांच्या ताब्यात आहे. पूर्वज कधीकाळी दरबारात कारकून होते, त्यामुळे असेल, पण कुठली गोष्ट कुणाला मंजूर करायची हा अधिकार आपलाच, असं बाबांना मनापासून वाटतं. बल्ब बदलतो, सरकार बदलतं, बँकेचा फॉर्म तर दर महिन्याला बदलतो. पालटतो तो काळ, पालटतं ते नशीब. वस्तू तिच्या मालकालाही ओळखू येईना, तरच ती पालटली म्हणायची, असा त्यांचा नियम. एकदा आत्या सहज म्हणाली, "कपडे पालटून येते." बाबा दाराकडे बघत बसले, जणू आतून दुसरीच बाई बाहेर येणार होती.

आई मात्र चाळीस वर्षं त्या एका शब्दाच्या मागे होती. तिनं स्वयंपाकघर पुढचं मागे नेलं, भिंतींना पिस्ता रंग दिला, एकदा तर लांबसडक केस खांद्यापर्यंत कापून आली. दर वेळी दारात उभी राहून विचारायची, "काय, कसं वाटतंय?" आणि बाबा चष्मा सारखा करून म्हणायचे, "बदललंय. बरं बदललंय." मला बाबांचा अस्सा राग यायचा! शब्द काय वापरला म्हणून झिजतो?

मागच्या श्रावणात आई मैत्रिणीबरोबर भैरवगढला, ठशांनी कापड छापणाऱ्यांच्या वस्तीत गेली. तिथला एक छपाईवाला तिला म्हणाला, "माताजी, पुराना कपड़ा ले आओ. ऐसा पलट देंगे कि घरवाले भी नहीं पहचानेंगे." हे ऐकल्यावर आई थांबते होय! घरी येऊन तिनं ट्रंक उघडली आणि आजोबांच्या पिवळ्या पडलेल्या धोतरजोडीतलं एक धोतर नेऊन दिलं. परत आलं ते गर्द लाल होऊन, वर काळ्या ठशांची वेल. आईनं ते दुहेरी करून बैठकीतल्या दिवाणावर अंथरलं. बाबा बसले, हात फिरवला आणि म्हणाले, "चादर छान आहे. टावर चौकातून आणलीस का?"

आई आत येऊन तोंडात पदर कोंबून हसली. "ओळखलं नाही त्यांनी!" आता योग्य वेळ बघून सांगायचं आणि तो शब्द पदरात पाडून घ्यायचा, असा तिचा बेत होता.

ती वेळ यायच्या आत पितृपक्ष आला आणि बाबांनी ट्रंक उघडली. आजोबांच्या श्राद्धाला रामघाटावर जाताना त्यांचंच धोतर नेसायचं, हा बाबांचा नेम. शास्त्रात नसेल, पण त्यांचा आहे. गेल्या वर्षी त्यांना आहेरात नवी जोडी मिळाली होती, तेव्हा जुनी आता सुटली, असं आईनं आपलं आपण ठरवून टाकलं होतं. विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारल्यावर गंमत कसली?

ट्रंकेत जुन्या जोडीचा पत्ता नव्हता. एक धोतर तर बाबांच्या बुडाखालीच होतं. दुसरं असेल कुठल्यातरी कपाटात, असं मी समजले.

"बोहारणीला तर दिलं नाहीस ना?" बाबा रोज विचारायचे.

"सापडेल हो, जातंय कुठे!" आई म्हणायची आणि आत येऊन फोडणी करपवायची. तिला जेवण जाईना. "आता सांगितलं तर जन्मभर बोलणार नाहीत माझ्याशी," ती मला म्हणाली, आणि ती हे थट्टेत म्हणत नव्हती.

श्राद्धाच्या आदल्या सकाळी तिचा धीर सुटला. बाबा दिवाणावर पेपर वाचत होते.

"ऐका नं. माझ्याकडून मोठी गलती झालीय. तुम्ही बसलात नं, तेच ते धोतर."

बाबांनी पेपरची घडी घातली. चादरीचा कोपरा उचलून दाखवला. काळ्या वेलीखाली बारीक रफूचे टाके होते.

"हे माझ्या आईचे टाके. पहिल्याच दिवशी हाताला लागले. मालकानं ओळखलं, म्हणजे पालटलं नाही. रंग बदललाय."

"मग इतके दिवस मला का छळलंत?"

"मजा बघत होतो. चाळीस वर्षांत तुझ्या पोटात एक गोष्ट दुपारपर्यंत टिकली नाही. माझ्या साठीचा गुपचूप ठरवलेला समारंभ तूच मला आधी सांगितलास. आणि आता रोज डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलतेस!" बाबांचा हात अजून त्या टाक्यांवरच होता. "धोतर राहू दे. पालटलीस ती तू."

आईला चाळीस वर्षांनी शब्द मिळाला तो असा, चोरी पकडली गेल्यावर. तिचे डोळे भरून आले, माझेही आले, आणि बाबांवर इतकी वर्षं धरलेला राग मला सापडेनासा झाला.

मग आईनं डोळे पुसले, पदर सारखा केला.

"बरं, मग अजून एक ऐका," ती म्हणाली. "जोडीतलं दुसरंही भैरवगढलाच आहे. परवा मिळेल. निळं."