ठोकळ्यांचं लढाऊ विमान

वर्तकनगरात आमच्या समोर राहणारे काका पूर्वी विमानदलात मेकॅनिक होते. लेकीनं त्यांना परदेशातून ठोकळे जोडून बनवायचं, महायुद्धातलं लढाऊ विमान आणलं. रोज संध्याकाळी दारातून हाक यायची, "अरे, जरा पंख धर." सोबतची चित्रं बघायचे नाहीत, माझं ऐकायचे नाहीत. तीनदा सगळं सोडवून पुन्हा जोडायला लावलं. शेवटी विमान पूर्ण झालं, तर बोटाएवढा वैमानिकच गायब. मी वैतागून पलंगाखाली शोधत होतो आणि काका नुसते बसलेले.

"काका, तुम्हीपण शोधा ना."

त्यांनी खिशातून वैमानिक काढला आणि विमानाशेजारी उभा केला.

"आमच्या तळावरून गेलेले दोघं परतलेच नाहीत," ते म्हणाले. "हा उतरलाय. राहू दे खालीच."