दुनिया मास्तरांची राहून गेलेली दुरुस्ती

'माझे चुकले' हे शब्द दुनिया मास्तरांच्या तोंडून मी एकदाही ऐकले नाहीत. हायस्कूलची तीन वर्षे, नंतर त्यांच्या व्हरांड्यातल्या वर्गाचे पाच महिने आणि पुढे गावी येताजाता झालेल्या भेटी, एवढे सगळे धरून सांगतो आहे. माणूस गेला की त्याच्याविषयी चांगले बोलायचे असते. त्यांच्या शोकसभेत सात जण बोलले आणि सातही जण चांगलेच बोलले. आठवा मी होतो. मी उठलो नाही. तिथे जे बोललो नाही ते इथे लिहितो.

पुसेगावला ते इतिहास-भूगोल शिकवत. त्यांचे खरे नाव हजेरीपटापुरते होते. कुणी काही विचारले की त्यांचे उत्तर "दुनियेत काय चालून राहिलं, अन् तुमी..." असे सुरू व्हायचे, म्हणून गावाने त्यांना दुनिया मास्तर केले. उंच, सडपातळ, मान कायम किंचित वर. बोलताना ते समोरच्याकडे पाहत नसत, त्याच्या डोक्यावरून पाहत, जणू त्याच्यामागे नकाशा टांगलेला आहे. शेजारच्या घरात कोण आजारी आहे हे त्यांना महिना महिना कळत नसे. युगोस्लाव्हियाचे तुकडे किती झाले ते मात्र झोपेतून उठवून विचारले तरी सांगितले असते.

बसथांब्यासमोर रहीमचाचांचे चहाचे हॉटेल होते. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर सिमेंटचा काळा फळा होता आणि वर पांढऱ्या रंगात 'वार्ताफलक' असे लिहिले होते. तो फळा मास्तरांचा. सकाळी रेडिओवरच्या मराठी आणि हिंदी बातम्या ऐकून ते यायचे, ओल्या फडक्याने फळा पुसायचे, तो वाळेपर्यंत चहा घ्यायचे आणि पाच बातम्या लिहायचे. चार नाहीत, सहा नाहीत. प्रत्येक बातमीपुढे तारीख. "तारीख न्हाई ती बातमी न्हाई, ती अफवा," असे ते आम्हाला वर्गात इतक्या वेळा सांगत की आम्ही मागच्या बाकावर त्यांच्याबरोबर ओठ हलवत असू.

त्या फळ्यावर गावाला जागा नव्हती. एकदा पाणीपुरवठ्याचा पंप आठ दिवस बंद होता. बायका हंडे घेऊन मळ्यांतून फिरत होत्या. माझ्या आईने मास्तरांना फळ्यापाशीच गाठले आणि एवढे एक लिहा म्हणून विनवले. मास्तर तिच्या डोक्यावरून बघत म्हणाले, "बाई, ही बातमी न्हाई, ही तक्रार हाये. ग्रामपंचायतीत जा." तेव्हा आईच्या कमरेवर रिकामा हंडा होता. मी शेजारी उभा होतो. हे मी विसरलेलो नाही आणि विसरायची इच्छाही नाही.

आता ज्या वर्षासाठी हे लिहितो आहे ते १९९९ साल. जानेवारीत युरोपातल्या अकरा देशांनी एकच चलन धरले, ते फळ्यावर पहिले. मार्चात युगोस्लाव्हियावर बॉम्ब पडू लागले, ते पुढे अडीच महिने पहिले. मे महिन्याच्या एक तारखेला परभणीतून आमचा हिंगोली जिल्हा वेगळा झाला. गावात पेढे वाटले गेले, फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी सगळे फळा बघायला जमले. पहिली बातमी युगोस्लाव्हियाची. दुसरी, तिसरी, चौथीही दूरदेशीच्याच. पाचवी, 'परभणी जिल्ह्याचे विभाजन.' हिंगोलीचे नावसुद्धा नाही.

रहीमचाचा चहा गाळता गाळता म्हणाले, "मास्तर, जिल्हा आपला झाला अन् तुमी त्याला सगळ्यात खाली बसवलं?"

"जिल्हा झाला म्हणून पृथ्वी फिरायची थांबली काय?"

"थांबली न्हाई. पन आता कचेरीच्या कामाला परभणीला जायची तकलीफ तर थांबली," चाचा म्हणाले. सगळे हसले. मास्तर हसले नाहीत.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. बीकॉम होऊन घरी बसलेला. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, आणि कचेऱ्या म्हणजे लिपिकांची भरती, एवढे आम्हा सगळ्यांना कळत होते. परीक्षेत चालू घडामोडी विचारणार, आणि त्या सांगणारा माणूस आसपासच्या दहा गावांत एकच. जूनपासून मास्तरांनी त्यांच्या व्हरांड्यात वर्ग सुरू केला. पहाटे साडेपाचला. आम्ही एकोणीस जण होतो. त्यांच्या बाजूचे जे आहे तेही लिहिले पाहिजे: त्यांनी कुणाकडून काही घेतले नाही आणि मी होतो तोवर एकही दिवस वर्ग बुडवला नाही.

पण त्या व्हरांड्यात बसणे म्हणजे रोज थोडे थोडे लहान होत जाणे होते. माझा मित्र प्रकाश तांड्यावरून चार किलोमीटर चालत यायचा. जुलैत एकदा ओढ्याला पाणी आले म्हणून त्याला पाच मिनिटे उशीर झाला. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन तो पायरीखाली उभा राहिला. मास्तर म्हणाले, "काहून रे, तांड्यावर अजून घड्याळ पोचलं न्हाई काय?" अठरा जण हसले. त्यांत मीही होतो. प्रकाशने पाय धुतले, खाली मान घालून बसला आणि वही उघडली. त्याच्या वहीत फळ्यावरची प्रत्येक बातमी तारखेसह उतरवलेली असे. आमच्यात वाद झाला तर तो "सर म्हणले" एवढेच म्हणायचा. त्याच्यापुरता वाद तिथे संपायचा.

ऑगस्टात सूर्यग्रहण होते. मास्तरांनी आम्हाला एक्स-रेच्या फिल्मचे तुकडे देऊन शाळेच्या मैदानावर उभे केले. आभाळ गच्च भरलेले. तासभर आम्ही ढगांकडे फिल्म धरून उभे राहिलो. शेवटी मास्तरांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि जाहीर केले, "झालं ग्रहण."

"दिसलं न्हाई, सर," कुणीतरी म्हणाले.

"तुला दिसलं न्हाई म्हणून त्यानं लागायचं न्हाई काय?"

यावर आजही हसू येते, ते नाकारत नाही. पण हाच त्यांचा एकूण स्वभाव होता. ते म्हणाले की झाले.

ऑक्टोबरच्या बारा तारखेला जगाची लोकसंख्या सहा अब्ज झाल्याचे जाहीर झाले. हिंदी बातम्यांत ते 'छह अरब' असे सांगितले गेले असणार, कारण मास्तरांनी फळ्यावर पहिलीच बातमी लिहिली, 'जगाची लोकसंख्या सहा अरब.'

रहीमचाचांनी वाचले आणि कपाळाला हात लावला. "मास्तर, जगात सहाच अरब? मंग तेल कोन काढून राहिलं?"

हॉटेलातले सगळे हसायला लागले. मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी पुन्हा खडू उचलला. त्यांच्या वडिलांनी लहानपणी त्यांच्याकडून संख्यांची जुनी नावे पाठ करून घेतली होती. एकं, दहं, शतं करत कोटीपर्यंत, आणि कोटीच्या पुढे अर्बुद, म्हणजे दहा कोटी. "अरब हा अर्बुदाचाच अपभ्रंश हाये," असे म्हणत त्यांनी कंस काढला आणि त्यात लिहिले, 'म्हणजे साठ कोटी.' व्युत्पत्ती बरोबर असेलही. पण हिंदीतला अरब म्हणजे शंभर कोटी. बाजारात हिंदी बोलणाऱ्या कुणाही माणसाने सांगितले असते. मास्तरांना बाजारात कुणाला काही विचारायची सवय नव्हती.

मी म्हणालो, "सर, एक्क्याण्णवच्या जनगणनेत आपल्या एकट्या देशात चौऱ्याऐंशी कोटी माणसं होती. मग सगळ्या जगात साठ कोटी कशी?"

मास्तर पहिल्यांदाच माझ्या डोक्यावरून न पाहता माझ्या डोळ्यांत पाहत होते.

"जनगणना तू केली काय?"

"न्हाई सर. पण वजाबाकी करून पाहा."

"उद्यापासून माझ्या व्हरांड्यात पाय ठेवायचा न्हाई," ते म्हणाले, आणि फडके पिळून घरी गेले.

वर्तमानपत्र आमच्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवशी यायचे. त्यात 'सहाशे कोटी' असे ठळक छापले होते. मी कात्रण कापून फळ्याच्या खिळ्याला अडकवले. पुढच्या सकाळी चौदा तारीख होती. मास्तर आले, त्यांनी कात्रण काढून खिशात घातले, फळा पुसला आणि नव्या पाच बातम्या लिहिल्या. दुरुस्ती लिहितील म्हणून मी ऑक्टोबर संपेपर्यंत रोज फळा पाहिला. महिनाअखेरीला ओडिशात वादळाने हजारो माणसे गेली. ते फळ्यावर आले. दुरुस्ती आली नाही.

प्रकाशला मी कात्रण लावले त्याच आठवड्यात बाजारात सांगितले होते की आकडा सहाशे कोटी आहे. तो म्हणाला, "सर खोटं काहून सांगतील?" मी रागातच होतो. कात्रण त्याच्या डोळ्यांनी पाहायला लावले पाहिजे होते, पण ते मास्तरांच्या खिशात गेले होते आणि दुसरे मिळवायला मी गेलो नाही. एवढा दोष माझा.

डिसेंबरात परीक्षा झाली. शंभर प्रश्न, प्रत्येकी एक गुण. जगाची लोकसंख्या विचारली होती आणि पर्यायांत साठ कोटीही होते, सहाशे कोटीही. निकाल लागला तेव्हा माझ्या प्रवर्गाच्या यादीत माझे नाव होते. प्रकाश त्याच्या यादीत एका गुणाने राहिला. दोघांनी बसून प्रश्नपत्रिका ताडून पाहिली. त्या प्रश्नावर त्याने साठ कोटीला खूण केली होती. "मला बी वाटलं व्हतं गनित जमून न्हाई राहिलं," तो म्हणाला. "पन सरांचं कसं खोडावं?" पुढची भरती फार वर्षांनी निघाली, तोवर त्याचे वय गेले.

प्रकाशचे वाईट झाले असे नाही. तीन एकर शेती आहे, हळद लावतो, स्वतःचा टेम्पो चालवतो. दरवर्षी पहिल्या हळदीची पिशवी मास्तरांच्या घरी नेऊन द्यायचा. हे मला पाहवत नसे.

माझी नोकरी पंचवीस वर्षांची झाली. घरात मी कॅलेंडरवर सिलिंडर लावल्याची तारीख, विजेच्या मीटरचा आकडा, दुधाचे खाडे लिहितो. आकडा चुकला तर खोडून टाकत नाही. एक रेघ मारतो, शेजारी 'दुरुस्ती' असे लिहितो आणि तारीख टाकतो. माझी मुलगी म्हणते, "बाबा, तुमचे दुनिया मास्तर तुमच्याच अंगात आलेत." मला ते आवडत नाही. तारीख टाकणे त्यांचे आहे, हे खरे. दुरुस्ती माझी आहे.

मास्तर या वर्षी गेले, उन्हाळ्याच्या सुरुवातीला. त्यांच्या मुलाने पुण्याहून फोन केला. वह्या-पुस्तके लावायला माणूस हवा होता आणि प्रकाशने माझे नाव सुचवले होते. मी गेलो. कपाटात प्रत्येक वर्षाची एक जाड वही होती. फळ्यावर लिहायच्या आधी ते बातम्या त्यात कच्च्या लिहीत. मी पहिल्यांदा १९९९ ची उघडली, हे वेगळे सांगायला नको.

बारा ऑक्टोबरच्या पानावर 'साठ कोटी' होते. त्यावर सरळ एक रेघ. शेजारी लाल शाईत, '६०० कोटी. चूक माझी. १४ ऑक्टोबर.' पानाला टाचणीने माझे कात्रण लावलेले होते.

म्हणजे त्यांना परीक्षेआधी सात आठवडे माहीत होते. रोज पहाटे समोर अठरा मुले बसत होती. प्रकाश बसत होता. तोंडाने नाही तर खडूने, एक ओळ पुरली असती. ती त्यांनी स्वतःच्या वहीत लिहिली, तारीख टाकली आणि कपाट बंद केले. न कळून झालेली चूक मी कधीच सोडून दिली असती. ही सोडता येत नाही.

शोकसभा संपल्यावर मुलगा म्हणाला, "काका, तुमचं अक्षर चांगलं आहे. बाबांच्या फळ्यावर तुम्हीच निधनाची बातमी लिहा." रहीमचाचा आता नाहीत, हॉटेल त्यांचा मुलगा चालवतो, पण फळा तोच आहे. मी तो ओल्या फडक्याने पुसला. वाळू दिला. मास्तरांच्या निधनाची बातमी लिहिली. मग खाली जागा उरली होती तिथे लिहिले, 'दुरुस्ती: १९९९ साली या फलकावर जगाची लोकसंख्या साठ कोटी लिहिली गेली. ती सहाशे कोटी अशी वाचावी. ही चूक मास्तरांना माहीत होती.'

मागे टेम्पो थांबल्याचा आवाज आला. प्रकाश उतरून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचले, ओठ हलवत, सावकाश. मी पिशवीतून वही काढून ते पान त्याच्यासमोर धरले. त्याने लाल शाईवर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.

"चौदा तारखेला," तो म्हणाला.

"व्हय."

"मी पंधराला त्यांच्या समोरच बसलो व्हतो. पह्यल्या ओळीत."

शोकसभेतून परतणारी माणसे फळ्यापाशी थांबत होती आणि वाचून एकमेकांकडे पाहत होती. मास्तरांचा मुलगाही येत होता. मला वाटले, प्रकाश फडके उचलेल आणि खालच्या तीन ओळी पुसून टाकील. उचलले असते तर मी अडवले नसते. गुण त्याचा गेला होता.

त्याने वही मिटून माझ्या हातात दिली. टेम्पोकडे दोन पावले गेला आणि परत फिरला.

"तारीख राहिली की रे," तो म्हणाला. "टाक."

मी खडू घेतला आणि तारीख टाकली.