पाहुण्यांच्या गाडीचा स्टार्टर

लोणावळ्याच्या एका हॉटेलात मी मेंटेनन्सला आहे. म्हणजे कोणती वस्तू बिघडली की कोणाला फोन लावायचा, हे मला पाठ आहे. पण वडिवळ्याला, माझ्या ताईच्या घरी, मी ‘इंजिनेर’ आहे. (तिचा मिक्सर मी एकदा चालू करून दिला होता. प्लग बोर्डात नीट बसला नव्हता, तो बसवला. पण एवढं खोलात जाऊन मी कोणाला सांगितलं नाही.)

त्या रविवारी माझ्या भाचीला, सारिकाला, बघायला तळेगावचे पाहुणे आले होते. मुलगा नितीन आणि त्याचे वडील तात्या, दोघंही मुलाच्या स्कूटरवरून. मुलगा नीटस, कंपनीत नोकरीला, पण तोंडातून शब्द नाही. घरूनच दम देऊन आणला असावा. सगळं तात्याच बोलत होते.

“पोरी, सैपाक येतो ना?”

“येतो की,” सारिका म्हणाली. “यांना येतो का?”

दाजींच्या हातातली बशी कलंडली. नितीनच्या मिशीखाली काहीतरी हललं. तात्यांनी मात्र पोहे तसेच खाली ठेवले, “बरंय, कळवतो,” म्हणाले आणि उठले.

आता ‘कळवतो’ म्हटल्यावर माणसानं लगेच नजरेआड व्हावं, अशी रीत आहे. मागे बायका डोळे पुसायला मोकळ्या आणि आपण पाहुण्यांच्या चपलेपासून नाकापर्यंत सगळ्याला नावं ठेवायला मोकळे. तात्याही तरातरा निघाले. नितीनच्या हातातली चावी ओढून घेत स्वतःच पुढे बसले, डाव्या हातानं ब्रेक आवळला आणि स्टार्टरचं बटण दाबलं.

शांतता! पुन्हा दाबलं. गाडी ढिम्म!

“तात्या, ते जरा…” नितीन पुटपुटला.

“तू गप!”

“किक मारा की,” दाजी म्हणाले.

“किकच न्हाई हिला! कंपनीनंच ठिवली न्हाई.”

तेवढ्यात ताई अभिमानानं पुढे आली. “आवो, आमचा बाळू हाय ना! लोणावळ्याला लय मोठ्या हॉटेलात मशिनी बघतो!”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाह्या सरसावल्या. (हॉटेलात अशा वेळी मी फोन काढतो. पण इथे माझ्या फोनला रेंज नव्हती.)

“बॅटरी डाऊन असणार,” मी म्हणालो. त्याच वेळी तात्यांनी हॉर्न वाजवून पाहिला. तो असा खणखणीत वाजला, की शेजारचे धोंडीआबा घोंगडी टाकून बाहेर आले.

“ढकला की!” आबा म्हणाले. “माझी मोटारसायकल ढकलली की लगीच चालू व्हायची.”

“आबा, पण हिला गिअर…” नितीन म्हणाला.

“मोठी माणसं बोलत्यात ना?” तात्या गुरकावले.

ताईच्या दारातून रस्ता चांगला उताराचा आहे आणि तो भाताच्या खाचराशी वळतो. मी आणि दाजींनी मागून जोर लावला. “तात्या, ब्रेकला अजिबात हात लावू नका!” मी ओरडलो. “वेग घेऊ द्या!”

तात्यांनी माझं अक्षरशः ऐकलं. गाडीनं उत्तम वेग घेतला. वळण आलं, तात्या वळले नाहीत, आणि नुकत्याच लावलेल्या भातात ते स्कूटरसकट थेट मधोमध जाऊन उभे राहिले. पांढरी पँट गुडघ्यापर्यंत चिखलात!

“माझी लावणी!” दाजी किंचाळले. पाहुण्यांची चौकशी त्यांना नंतर सुचली.

‘कळवतो’ म्हणून निघालेला माणूस परत घरात आला, की त्याच्याशी काय बोलावं हे कोणीच ठरवून ठेवलेलं नाही. तात्यांना गरम पाणी दिलं, दाजींची चौकड्यांची लुंगी दिली आणि ओट्यावर बसवलं. पँट दोरीवर ठिबकत होती. ताईनं तव्यावर भाकऱ्या टाकल्या, पिठलं ढवळलं. लुंगीतला माणूस तोऱ्यात किती वेळ बसणार? दुसऱ्या भाकरीला ते पाय मोकळे करून बसले आणि चौथीला म्हणाले, “मावशी, ठेचा हाय का?” (ताई त्यांच्यापेक्षा चांगली लहान आहे. पण भूक मोठी होती.)

इकडे अंगणात मी खाचरातून ओढून आणलेल्या स्कूटरचं पोट उघडलं होतं. फ्यूज काढला, फुंकला, बसवला. एका वायरला दुसरी जोडून पाहिली आणि हॉर्न आपोआप सुरू झाला, तो थांबेचना! कोंबड्या पांगल्या, आबा कानावर हात ठेवून घरात गेले. शेवटी मी हॉर्नची वायरच उपटली. सगळं परत बसवलं तेव्हा दोन स्क्रू उरले, ते मी हळूच खिशात टाकले.

सारिका दारात उभी राहून हे सगळं बघत होती. ती सरळ नितीनसमोर गेली. “तुमी मघापासून काय सांगताय?”

नितीननं वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडात भाकरी होती.

“मला खिचडी येते,” तो म्हणाला. “वरण-भातबी येतो. आन् गाडीच्या डाव्या ब्रेकचा स्विच गेलाय. उजवा ब्रेक दाबून बटण मारा.”

सारिकानं उजवा ब्रेक दाबला, बटण मारलं. गाडी सुरू!

“अरे, मग आदी सांगायचं ना!” मी खेकसलो.

“दोनदा सांगाया लागलो मामा. तुमी ऐकून घेतलं न्हाई.”

सारिका हसली. तोही हसला. लुंगीतले तात्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग त्यांनी हात धुतले, ओली पँट पिशवीत घातली आणि लुंगीवरच मागच्या सीटवर बसले. पुढे नितीन बसला. हॉर्न नसल्यामुळे “सरका! सरका!” असं स्वतःच ओरडत तात्या गावाबाहेर पडले.

पुढच्या आठवड्यात त्यांचा दाजींना फोन आला. पोरगी पसंत. मुलगा दुसरीकडे बघायलाच तयार नाही. हुंडा नको, मानपान नको, लग्न साधं. “फकस्त एकच अट हाय,” तात्या म्हणाले. “वराडाच्या गाडीला पोरीच्या मामांनी हात लावायचा न्हाई.”

आमच्याकडे आजवर लग्नाच्या अटींवरून पुष्कळ भांडणं झाली आहेत. ही अट मात्र ताई, दाजी आणि सारिका, तिघांनीही एका आवाजात मान्य केली. मला विचारायच्या आधीच!