अर्ध्या काचेचं तेल

मीटरकाकांना घाई करायला सांगणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटून घेणं. भट्टी पेटायची खोळंबलीय, मॅनेजर जाळीबाहेर उभा राहून घड्याळ बघतोय, आणि आत काका व्हॉल्वचं चाक बोटभर फिरवून स्वस्थ उभे. मीटरच्या आवाजाकडे कान द्यायचा, मग परत बोटभर. मॅनेजर ओरडलाच तर म्हणायचे, "साहेब, झोपलेल्या माणसाला हाक मारून उठवतात. लाथ मारून नाही."

डोंबिवली एमआयडीसीतला आमचा कारखाना. भट्टीला जाणारा गॅस मोजायचा मीटर मागच्या अंगाला, कंपाउंडच्या भिंतीशी, लोखंडी जाळीच्या खोलीत. तिला सगळे पिंजरा म्हणायचे. कारखान्याला सुट्टी शुक्रवारी, म्हणून मीटरची देखभालही शुक्रवारी. सगळं जग घरी लोळतंय आणि आम्ही दोघं पिंजऱ्यात. एक काका आणि दुसरी डिप्लोमा करून नुकतीच लागलेली मी. चिडचिड व्हायची नुसती!

पिंजऱ्यात शिरण्याआधी मोबाईल, लायटर, काडेपेटी, सगळं गेटवर वॉचमनच्या टेबलावरच्या बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. मोठे साहेब एकदा फोन कानाला लावूनच आत यायला निघालेले. काकांनी दारात हात आडवा धरला आणि साहेबांपुढे डबा केला. साहेब लालबुंद झाले, पण फोन डब्यात गेला.

मीटरच्या अंगाला एक गोल काच होती. तेल बरोबर तिच्या मध्यावर हवं. "अर्धी काच, बाय," काका म्हणायचे. "कमी पडलं तर आतली चाकं एकमेकांना खातात. जास्त झालं तर तेल नको तिथे शिरतं नि मोजणं बिघडतं." तेलाचं झाकण सैल करण्याआधी दोन्हीकडचे व्हॉल्व बंद करायचे, कुलूप लावायचं, आतला दाब बाहेर सोडायचा. काटा शून्यावर आला तरी त्यांचा विश्वास नाही. "काटापण अडकतो कधीकधी. बाहेरची तोटी उघडून बघ, मगच पाना लाव." काम झालं की सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावून, एक बुडबुडा येत नाही ना, ते चष्मा कपाळावर चढवून बघायचे.

काकांचं निवृत्तीचं वय केव्हाच उलटून गेलेलं. पण मीटरला हात लावणारं दुसरं कोणी नाही, म्हणून कंपनी दर वर्षी त्यांना थांबवून घ्यायची. काकी कोकणात गावी एकट्या, आणि हे विठ्ठलवाडीला एका खोलीत हाताने भात शिजवून खातायत. जेवणाच्या सुट्टीत घरी फोन करायचे, तोही मिनिटभराचा. "बाकीचं गावी आल्यावर सांगतो गो, सगळं साठवून ठेवलंय." फोन ठेवला की माझ्याकडे बघून हसायचे. "ही पोर तयार झाली की सुटलो मी."

आणि पोर तयार होत नव्हती. आता सांगायला लाज वाटते, पण सांगतेच. मला पहिल्या महिन्यातच सगळं येत होतं. माझं घर ठाण्यात, टेंभी नाक्याला. कंपनीचं हेड ऑफिस तिथून चालत पाच मिनिटांवर. बदलीसाठी मी अर्ज केलेला, तेव्हा तिथल्या क्लार्कने बजावलं होतं, "मीटरच्या कामात पास झालात तर विसरा. मग तुम्हाला तिथून कोण सोडतंय?" म्हणून मी दर वेळी तेल पाऊण काच भरायचे. "अय्या काका, पुन्हा जास्त झालं!" काका मुकाट्याने तेल काढून परत भरायचे. अशी दोन वर्षं काढली मी. त्यांची दोन वर्षं.

त्या शुक्रवारीही मी पाऊण काच भरलेली. काका खाली वाकून जास्तीचं तेल काढत होते, तेवढ्यात वॉचमन जाळीपाशी धावत आला. "काका, डब्यातला तुमचा फोन थांबत नाहीये. मी उचलला. गावावरून आहे. काकी पडल्या म्हणतायत, तोंड वाकडं झालंय."

काका उठले आणि तसेच उभे राहिले. दारापर्यंत गेले, मागे वळून उघड्या मीटरकडे बघितलं. "हा असा टाकून कसा जाऊ?" ते कोणाला विचारत होते कोण जाणे.

मी त्यांच्या हातातून पाना घेतला. उरलेलं जास्तीचं तेल काढलं, काचेशी डोळा नेला, मध्यावर आल्यावर थांबले, झाकण आवळलं. हात जरासुद्धा हलला नाही. "तुम्ही निघा, काका. बाकीचं मी करते."

काका वाकले. काच बरोबर अर्धी. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"चुकणाऱ्याचं तेल कधी कमी होतं, कधी जास्त होतं, बाय," ते म्हणाले. "तुझं दर वेळी तेवढंच जास्त."

कुलपाची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि गेले. व्हॉल्व मी बोटबोटभर उघडला. पाऊण तास लागला असेल. पूर्ण वेळ रडत होते.

काकी वाचल्या, पण वाचा गेली. साठवून ठेवलेलं सगळं आता गावी काका एकटेच बोलतात. माझी बदली अर्थातच झाली नाही. सहा वर्षं झाली, मी पिंजऱ्यातच आहे. शुक्रवारी काम आटोपलं की डब्यातून फोन काढून काकांना लावते. "अर्धी?" ते विचारतात. "अर्धी," मी सांगते.

एकदा धीर करून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, तर बोलला का नाहीत?"

"धरून बसवलेला माणूस व्हॉल्व घाईत उघडतो, नि गॅस एकदम शिरला की मीटर फुटतो. तुझा जीव गेला असता, बाय. आणि जिवावर बेतणारी चूक तू एकदाही केली नाहीस, तेही बघत होतो मी. म्हटलं, येईल आपणहून."

"मला आपणहून यायला उशीर झाला, काका."

मी म्हटलं, काकींच्या कानाला फोन लावा. लावला. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, तर शब्दच फुटेना. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता, इकडे माझा. बराच वेळ आम्ही दोघी तशाच होतो.