अस्सलबरहुकूम

पोस्टात लाखेचा वास आला आणि मी दोनदा रांग सोडून बाहेर आलो.

निजामाच्या राज्यात मी अंबडच्या कचेरीत नक्कलनवीस होतो. उर्दू कागद जसाच्या तसा उतरवायचा, त्यातली चूकसुद्धा, अशी रीत. नक्कल मागायला आलेल्या गयाबाईच्या वाटणीच्या कागदात तिची विहीर चुकून दिराच्या हिश्श्यात लिहिल्या गेल्ती. मी तशीच उतरवली, खाली ‘अस्सलबरहुकूम’, म्हणजे मुळाप्रमाणेच, असं लिहिलं, लाखेवर शिक्का मारला.

“भाऊ, विहीर माझीच लिहिली ना? मला वाचता येत न्हाई.”

“अस्सलात हाय तेच लिहिलं, बाई.”

तिनं कागद कपाळाला लावून पदरात बांधला. तेव्हाच सांगितलं असतं, तर तिनं दुरुस्तीचा अर्ज केला असता आणि विहीर तिच्याकडेच राहिली असती. पण नक्कल बिनचूक उतरली, म्हणून मी त्या दिवशी खूश होतो.